एकटी गिटार आणि बास, ताल, सूर तिन्ही: फिंगरस्टाईलमध्ये भूप आणि दुर्गा कसे बसवावे?

मासुंदाकाठ (ठाणे)

नमस्कार मंडळी. घोडबंदर रोडवरच्या एका सोसायटीत दिवाळी पहाट आहे. त्यात २० मिनिटं एकट्या अकूस्टिक गिटारची, फिंगरस्टाईल म्हणजे पिकऐवजी बोटांनी. गायक नाही, तबला नाही, मागे ट्रॅकही लावायचा नाही. भूपातली एक धून, दुर्गातली एक आणि शेवटी केरव्यातलं एखादं चटपटीत, असा बेत आहे.

गिटार ड्रेडनॉट (मोठ्या खोक्याची), टॉप सॉलिड स्प्रूसचा, बाजू आणि पाठ प्लायची. तारा १२-५३ फॉस्फर ब्राँझ (पहिली ते सहावी, जाडी इंचाच्या हजाराव्या भागात). बाराव्या फ्रेटवर सहाव्या तारेखाली ३.२ मिमी अंतर आहे. डॅडगॅड (सहावीपासून डी ए डी जी ए डी) लावलं की सहावी तार फरफरते, नेहमीच्या स्टँडर्ड ट्यूनिंगमध्ये (ई ए डी जी बी ई) फरफरत नाही. अंगठा बास धरतो, पण वर सुरावट सुरू झाली की तिच्यामागे धावायला लागतो. आणि जेव्हा सगळं जमतं तेव्हा ऐकणारे म्हणतात, "छान, पण कंट्री वाटतंय." ट्यूनिंग, हात, सेटअप यातलं काय आधी सुधारावं?

---

सहावी_तार (वाशी)

भूपाला डॅडगॅड? इथेच माशी शिंकली.

सा डी धरला तर डॅडगॅडच्या मोकळ्या तारा सहावीपासून पहिलीपर्यंत अशा येतात: सा प सा म प सा. भूपात म वर्ज्य. तिसरी तार मुद्दाम छेडली नाही तरी स्लॅप (तारांवर अंगठ्याची थाप) मारताना, भराव म्हणून चार तारा उलगडताना, डाव्या हाताचं बोट उचलताना ती थोडी बोलतेच. श्रोत्याला नेमकं काय खटकलं ते सांगता येणार नाही, पण भूप विटलेला त्याला कळतो.

उपाय सोपा. तिसरी तार अर्ध्या सुराने उतरवून एफ शार्पला आणा. मोकळ्या तारा होतात सा प सा ग प सा. भूप, यमन, हंसध्वनी या तिघांनाही हे चालतं. यमनात म तीव्र असल्यामुळे तिथे मोकळा शुद्ध म तर फारच बोचतो. दुर्गा, देस, भीमपलास, वृंदावनी सारंग यांना मात्र डॅडगॅडच ठेवा, कारण तिथे शुद्ध म हवाच आहे. मालकंसाच्या वाटेला डॅडगॅड घेऊन जाऊ नका. त्यात प नाही आणि तुमच्या दोन तारा मोकळ्या प वर आहेत. तरी करायचाच असेल तर पाचवी तार जी ला उतरवावी लागते आणि दुसरी कायम पहिल्या (कोमल ध) किंवा तिसऱ्या (कोमल नी) फ्रेटवर दाबलेलीच ठेवावी लागते.

भूपाच्या जागा: पहिल्या तारेवर ०, २, ४, ७, ९, १२ म्हणजे सा रे ग प ध सां. मंद्रातला ध दुसऱ्या तारेवर दुसऱ्या फ्रेटला, प दुसरी मोकळी. भूपाचा जीव "सां ध" आणि "प ग" या मींडांत (एका सुरावरून दुसऱ्यावर सलग सरकण्यात) आहे. पहिल्या तारेवर त्या १२ वरून ९ आणि ७ वरून ४ अशा येतात, दोन्ही तीन-तीन फ्रेटच्या. एकाच बोटाने, एकाच दाबाने घसीट घ्या. पहिली तार साधी, गुंडाळी नसलेली असल्यामुळे घासल्याचा आवाज येत नाही. बासचा ठोका घसीट सुरू होतानाच पडू द्या, म्हणजे फ्रेटच्या पायऱ्या त्याखाली झाकल्या जातात. आणि ध वर फार रेंगाळू नका, नाहीतर जाणकार म्हणतील देशकार वाजवताय.

---

मासुंदाकाठ (ठाणे)

म चा मुद्दा डोक्यातच आला नव्हता, धन्यवाद. तिसरी एफ शार्पला ट्यूनरवर अगदी हिरव्या दिव्यात लावली, तरी सहावीबरोबर एकत्र वाजवल्यावर ग किंचित चढा वाटतो. ट्यूनर खराब आहे का?

---

सहावी_तार (वाशी)

ट्यूनर बरोबर आहे, कानही बरोबर आहे. फ्रेटवरचा शुद्ध ग सा पासून ४०० सेंटवर असतो (एक सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग). तंबोऱ्यात ऐकू येणारा स्वयंभू गंधार ३८६ वर. हा १४ सेंटचा फरक एरवी खपून जातो, पण खाली सा सतत वाजत असेल तर लपत नाही.

स्वयंभू ग गिटारवरच सापडतो. सहाव्या तारेवर चौथ्या फ्रेटच्या आसपास हार्मोनिक घ्या (तार न दाबता नुसता स्पर्श करून छेडलेला, घंटेसारखा सूर). बरोबर फ्रेटच्या पट्टीवर नाही, तिच्या साधारण ४ मिमी नटच्या (खुंट्यांकडच्या पट्टीच्या) बाजूला. ६४८ मिमीच्या स्केलचा पाचवा हिस्सा १२९.६ मिमीवर येतो आणि चौथा फ्रेट असतो १३३.७ वर, म्हणून. आता तिसऱ्या तारेचं बाराव्या फ्रेटवरचं हार्मोनिक वाजवा. ट्यूनरप्रमाणे लावलेली असेल तर दोघांत सेकंदाला साधारण ३ लाटा ऐकू येतील. तिसरी हळूहळू उतरवत न्या. लाटा थांबल्या की ग लागला.

याची किंमत अशी की आता तिसऱ्या तारेवर दाबून वाजवलेला प्रत्येक सूर १४ सेंट उतरा येणार. ती तार फक्त मोकळी वाजवा, सुरावट पहिल्या-दुसऱ्या तारेवर ठेवा. दाबलेला ग (पहिली तार, चौथा फ्रेट) चढाच राहणार आहे. त्यावर मुक्काम करताना मोकळा ग सोबत वाजवू नका, दोन ग एकमेकांशी भांडतील.

---

खरजातला (बेलापूर)

१४ सेंटची चिकित्सा मान्य, पण क्लबहाऊसमधल्या शंभर माणसांना कंट्री वाटतं ते ग मुळे नाही, अंगठ्यामुळे.

मर्ल ट्रॅव्हिस आणि त्याच्या मागून चेट अ‍ॅटकिन्स या अमेरिकी कंट्री गिटारवादकांनी जी पद्धत रूढ केली, तिच्यात अंगठा चारही ठोक्यांवर दोन-तीन जाड तारांत आलटून-पालटून पडतो. ट्रॅव्हिस अंगठा आणि तर्जनी एवढ्यावर भागवायचा, अ‍ॅटकिन्सने मधलं बोट आणि अनामिका आणली. टॉमी इमॅन्युएल त्याच घराण्यातला. इंटरनेटवरचे धडे याच अंगठ्यापासून सुरू होतात आणि अभ्यास म्हणून ते योग्यच आहे. पण भूपाच्या धुनेखाली तोच सरळ एक-दोन-तीन-चार ठेवला तर राग इकडचा आणि चाल ट्रॅव्हिसच्या केंटकीची, असं होणारच.

केरव्याचा बाया (तबल्याचा डग्गा) कुठे पडतो ते बघा: धा गे ना ती । ना क धी ना. बाया बोलतो धा, गे आणि धी वर, म्हणजे १, २ आणि ७ या मात्रांवर. मधला सगळा पट्टा बायाशिवाय आहे. अंगठ्याने तेच करा. १ वर सहावी तार, २ वर चौथी आणि हलकी, मग थेट ७ वर पाचवी. ३, ५ आणि ८ वर ना आहे, तिथे हवं तर बोटांनी मधल्या तारांवर कोरडा ठोका द्या. ४ आणि ६ रिकाम्या सोडा. एवढं केल्यावर तीच धून त्याच सुरांत आपल्याकडची वाटायला लागते. दादऱ्यात चौथ्या मात्रेला खाली असते. तिथे अंगठा उचललेलाच ठेवा.

फिंगरस्टाईल म्हणजे एका हाताने किती गोष्टी एकदम वाजतात याची जत्रा नव्हे. काय वाजवायचं नाही हे ज्याने ठरवलं त्याचं वाजवणं ऐकवतं.

---

टिचकी (नेरुळ)

काका, तुमचा राग कळला, पण पर्कशन काढूनच टाकायचं का? मायकल हेजेस, प्रेस्टन रीड, अँडी मॅकी यांनी गिटारच्या खोक्याचा ड्रम केला तो काय फक्त दिखाव्यासाठी? पहाटेच्या कार्यक्रमात शेवटच्या केरव्याला थोडी थाप लागतेच की.

दोन थापा पुरेत. एक, अंगठ्याची स्लॅप: अंगठ्याच्या सांध्याची बाजू नेक संपते त्याच्या जवळ सहाव्या-पाचव्या तारेवर आपटायची. तार फ्रेटला लागून टक् असा आवाज येतो. हालचाल मनगटाच्या फिरकीतून यायला हवी, किल्ली फिरवतो तशी. कोपरातून आली की आवाज मोठा, वेळ उशिरा आणि बोटं तारांवरून उडालेली. स्लॅपच्या क्षणी बोटं आपापल्या तारांवर टेकलेलीच असली पाहिजेत, म्हणजे त्याच क्षणी सुरावटीचा सूरही ओढता येतो. दोन, तळव्याची गादी साऊंडहोलच्या वर, नेकच्या बाजूला. आतून तिथे भक्कम आधार असतो, म्हणून धप्प असा आवाज येतो आणि लाकडाला इजा होत नाही.

---

पॉलिशपेपर (कळवा)

टिचकी, जागा बरोबर सांगितलीस. त्यात भर: ब्रिजच्या मागच्या मोकळ्या भागावर पोकळ, खोल आवाज येतो म्हणून लोकांना तिथे मारायचा मोह होतो. स्प्रूसचा टॉप जेमतेम पावणेतीन-तीन मिमीचा असतो आणि तिथे खालच्या पट्ट्या बारीक तासलेल्या असतात. रोज मारलं तर पट्टी सुटते. ओळखायचं कसं? बोटाने टकटक केल्यावर एखाद्या जागी खुळखुळ्यासारखी किरकिर आली की पट्टी सुटली. अंगठी काढूनच वाजवा.

आता मासुंदाकाठ, तुमची फरफर. उंची ३.२ मिमी, म्हणजे जास्त, आणि तरी फरफर. ही जोडी दिसली की समजायचं: सॅडल (ब्रिजवरची, तारा टेकतात ती पट्टी) उंच आहे आणि नेक सरळसोट झालीय. डॅडगॅडमध्ये सहावी, दुसरी आणि पहिली या तिन्ही तारा पूर्ण सुराने उतरतात. ताण कंपनसंख्येच्या वर्गाप्रमाणे बदलतो, म्हणून त्या प्रत्येकीचा ताण सुमारे २० टक्क्यांनी कमी होतो. नेकला पुढे ओढणारं बळ घटतं, आतला ट्रस रॉड (नेकमधली धातूची सळई) तिला आणखी मागे नेतो, आणि सैल, जास्त झुलणारी सहावी तार पहिल्या चार-पाच फ्रेटला घासते.

क्रम महत्त्वाचा आहे, तो पाळा. ज्या ट्यूनिंगमध्ये वाजवणार त्यातच गिटार लावा. पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा), सहावी तार चौदाव्या फ्रेटला दाबा आणि सहाव्या-सातव्या फ्रेटवर तार आणि फ्रेट यांतली फट बघा. ०.२ मिमीच्या आसपास हवी. साधं व्हिजिटिंग कार्ड साधारण ०.३ मिमीचं असतं. ते आरामात सरकलं तर फट जास्त आहे, आणि तार फ्रेटला चिकटूनच बसली असेल तर फट नाहीच. तुमच्याकडे बहुधा दुसरं. ट्रस रॉड घड्याळाच्या उलट दिशेने पाव आटा सैल करा, पुन्हा ट्यून करा, अर्ध्या तासाने पुन्हा मोजा. एका वेळी पाव आट्याच्या वर जायचं नाही. चावी अडत असेल तर जोर न लावता माणसाला दाखवा.

नेक नीट झाल्यावरच सॅडलला हात लावा, कारण फट वाढली की उंचीही थोडी वाढते. फिंगरस्टाईलला बाराव्या फ्रेटवर सहावीखाली २.४ आणि पहिलीखाली १.८ ते २ मिमी हे चांगलं माप आहे. बाराव्यावर जेवढं कमी करायचं त्याच्या दुप्पट सॅडलच्या बुडातून घासायचं. ०.८ मिमी उतरवायचं तर १.६ मिमी. खाली पेन्सिलने रेघ मारा, सपाट काचेवर १२० नंबरचा पॉलिश पेपर चिकटवा आणि सॅडल उभी काटकोनात धरून घासा. शेवटी ४०० ने साफ करा. बूड किंचित तिरकं राहिलं आणि खाली पिएझो पिकअप (तारांची कंपनं टिपणारी पट्टी) असला तर एखादी तार स्पीकरवर गायबच होते. पिकअप खराब म्हणून लोक हजारो रुपये घालतात, दोष असतो त्या तिरक्या बुडाचा.

---

मासुंदाकाठ (ठाणे)

हे सगळं या आठवड्यातच करून घेऊ का? अजून पाऊस चालू आहे.

---

पॉलिशपेपर (कळवा)

ट्रस रॉड आत्ता केला तर चालेल, सॅडल अजिबात नाही. खाडीकाठची आपली हवा जून ते सप्टेंबर ८०-९० टक्के दमट असते. सॉलिड टॉप ओलावा पिऊन फुगतो, ब्रिज त्याच्याबरोबर वर उचलला जातो आणि उंची वाढते. तुमच्या ३.२ मध्ये काही भाग पावसाचा आहे. आत्ता १.६ मिमी घासून बसलात आणि ऑक्टोबरच्या उन्हात टॉप बसला, की ऐन दिवाळीत प्रत्येक तार फरफरेल. घासलेलं सॅडल परत वाढत नाही. नवरात्र उलटल्यावर करा.

तोवर केस बंद ठेवा आणि आत सिलिका जेल. ५० ग्रॅमच्या दोन पिशव्या, निळे दाणे गुलाबी झाले की कढईत मंद आचेवर पुन्हा निळे होईपर्यंत गरम करायच्या, आणि ती कढई पुन्हा स्वयंपाकाला नाही. केसमध्ये छोटा हायग्रोमीटर टाका, ४५ ते ५५ मध्ये राहू दे. ४० च्या खाली गेला तर पिशव्या काढा. रात्रभर एसी आणि दिवसभर उघडी खिडकी हा प्रकार सॉलिड टॉपला सर्वांत वाईट.

---

अनामिका (ऐरोली)

हात राहिलाच, त्यावर लिहिते.

अंगठा सुरावटीमागे का पळतो? कारण दोघांना एकच नक्षी म्हणून पाठ केलेलं असतं. टॅब (तारा आणि फ्रेटचे आकडे लिहिलेली लिपी) बघून एकेक उभा खांब बसवला की हाताला एकच ओळ कळते, दोन कळत नाहीत. त्यामुळे सुरावट अर्धी मात्रा आधी आली की अंगठाही आधी येतो.

बोटं बाजूला ठेवा. मेट्रोनोम ६० वर, फक्त अंगठ्याने खरजातला यांनी सांगितलेला केरवा, आणि तोंडाने धुनेची सरगम म्हणा. गळ्याला सूर लागतो की नाही याची चिंता नको, मात्रा चुकायला नको. जी ओळ अंगठा न ढळता म्हणता येत नाही ती बोटांनी येणारच नाही, ताल कितीही कमी करा. म्हणता आली की त्या ओळीतले फक्त समेवरचे सूर बोटांनी घ्या, बाकीचे तोंडाने. मग मात्रांवर पडणारे सगळे. दोन मात्रांच्या मधे पडणारे सूर सर्वांत शेवटी. एका वेळी एकच ओळ, चार आवर्तनं न चुकता झाली की ४ ने वेग वाढवा.

दुसरं, तळव्याची कड. अंगठ्याच्या बाजूची नाही, करंगळीच्या बाजूची कड बरोबर सॅडलच्या रेषेवर टेकवा, फक्त सहावी, पाचवी, चौथी झाकेल अशी. ५ मिमी पुढे गेली की सूरच मरतो, ५ मिमी मागे गेली की काही फरकच पडत नाही. बास असा दाबला की तो आखूड होतो आणि वर मोकळी वाजणारी सुरावट आपोआप पुढे येते. अनेकजण सुरावट मोठी वाजवायला जातात आणि बोट तारेखाली अडकवून ती वर उचकटतात. तार मग टॉपला समांतर न हलता वरखाली आपटते, आवाज चिरका येतो. सुरावट मोठी करू नका, बाकीचं लहान करा. मोबाईल एक मीटरवर ठेवून रेकॉर्ड करा आणि दुसऱ्या खोलीतून ऐका. धून ओळखू आली पाहिजे, नुसती गिटार वाजतेय एवढंच कळून उपयोग नाही.

बोटांची वाटणी: अंगठा ६-५-४, तर्जनी ३, मधलं २, अनामिका १. भूपाची सुरावट जवळजवळ सगळी पहिल्या तारेवर असल्यामुळे सगळा भार अनामिकेवर पडेल आणि ती सर्वांत दुबळी. लांब सूर तिला द्या. जलद ओळीत पहिल्या तारेवर मधलं बोट आणि अनामिका आळीपाळीने.

---

टिचकी (नेरुळ)

नखं की नुसतं बोट, अनामिकाताई? स्टीलच्या तारांवर माझी अनामिकेची नखं टिकतच नाहीत.

---

अनामिका (ऐरोली)

बोटाच्या टोकापुढे १ ते दीड मिमी, जास्त नाही. जास्त झालं की नख तारेत अडकतं आणि तुटतं. तार आधी मांसाला लागून मग नखावरून सुटली पाहिजे. दोन्ही एकदमच लागायला लागलं की टोन जमला. आकार बोटाच्या गोलाईप्रमाणे, तार जिथून सुटते त्या बाजूला सरळ उतार. काचेच्या कानशीने आकार द्या, मग वॉटर पेपर १०००, शेवटी २००० चा. खरखरीत कडा राहिली तर गुंडाळीच्या तारांवर सर्र सर्र आवाज येतो आणि नख तिथूनच चिरतं.

अंगठ्याला नख ठेवायचं किंवा थंबपिक. थंबपिक सैल असेल तर गरम पाण्यात काही सेकंद बुडवून बोटावरच दाबून बसवा. टोक जास्त लांब असतं, ते कानशीने तीनेक मिमी कमी करा, नाहीतर बास सगळ्यांवर कुरघोडी करतो. तुमच्या कार्यक्रमाला, मासुंदाकाठ, मी थंबपिक नको म्हणेन. बायासारखा गोल आवाज अंगठ्याच्या मांसानेच येतो.

---

मासुंदाकाठ (ठाणे)

दुर्गासाठी वेगळं काही? आणि ती उलगडत जाणारी हार्मोनिक्सची सर, टॉमी इमॅन्युएल वाजवतो ती, भूपाच्या शेवटी घालता येईल का?

---

सहावी_तार (वाशी)

दुर्गा डॅडगॅडमध्ये इतका सहज बसतो की जपून राहावं लागतं. मंद्र म, प, ध आणि मध्य सा पाहा: तिसरी मोकळी, दुसरी मोकळी, दुसरीवर दुसरा फ्रेट, पहिली मोकळी. बोट एकच लागतं. त्यातला प आणि ध एका तारेवर असल्यामुळे प तुटतो. तो टिकवायचा असेल तर ध तिसऱ्या तारेवर चौथ्या फ्रेटला घ्या आणि म आधीच संपू द्या. शेजारचे सूर वेगवेगळ्या तारांवर ठेवले की ते एकमेकांत विरघळतात, स्वरमंडळासारखे. पण सलग असंच वाजवलं तर रागाच्या ओळी पुसल्या जातात. "ध म रे" ही दुर्गाची खूण स्वच्छ आली पाहिजे. ती एकाच तारेवर घ्या: पहिलीवर ९ वरून ५ पर्यंत अनामिकेने घसीट, मग तर्जनी २ वर. त्या वेळी तिसरी तार बोटाच्या पोटाने थोपवलेली ठेवा.

तार ओढून मींड घ्यायची असेल तर पहिली आणि दुसरी या दोघीच. त्या सैल झाल्यात, ०.०१२ आणि ०.०१६ च्या आहेत, पूर्ण सूर ओढला जातो. तिसरी १२-५३ मध्ये ०.०२४ ची गुंडाळीची असते, तिच्या नादी लागू नका. तिच्या जागी साधी ०.०२० ची लावतात, पण मग बहुतेक सॅडलवर ती बाराव्या फ्रेटला चढी बोलते.

हार्मोनिक्सची सर ही चेट अ‍ॅटकिन्स आणि गिटारवादक लेनी ब्रो यांची देणगी. डाव्या हाताने एका फ्रेटवर सहा तारांची बॅरे (एकाच बोटाने सगळ्या तारा दाबणं) धरायची. उजव्या तर्जनीने १२ फ्रेट पुढे सहावीला नुसता स्पर्श, अंगठ्याने ती छेडायची, लगेच अनामिकेने तिसरी साधी. मग पाचवीचं हार्मोनिक आणि दुसरी साधी, मग चौथीचं आणि पहिली साधी. स्टँडर्ड ट्यूनिंगमध्ये मोकळ्या तारांवर, बॅरेशिवाय, सूर येतात ई जी ए बी डी ई. जी ला सा म्हणा: ध सा रे ग प ध. आयता भूप! सातव्या फ्रेटवर बॅरे धरली आणि उजव्या हाताने एकोणिसाव्यावर स्पर्श केला तर सा डी वर येतो.

गोम अशी की हे स्टँडर्डमध्येच. डॅडगॅडमध्ये पाचवीचं हार्मोनिक म्हणजे ए आणि दुसरी तारही तोच ए, चौथीचं हार्मोनिक आणि पहिली दोन्ही डी. सर उलगडतच नाही, एकच सूर दोनदा वाजतो. स्टँडर्डमध्ये लावलेली दुसरी गिटार शेजारी असेल तरच घाला.

---

खरजातला (बेलापूर)

दुसरी गिटार असली तरी एकदाच. प्रत्येक ओळीच्या शेवटी घातली तर तिसऱ्या वेळी कोणी वर बघत नाही.

---

फीडबॅक (कोपरखैरणे)

आवाजाचं कोणीच बोललं नाही. ठाण्याच्या गडकरी किंवा वाशीच्या विष्णुदास भावेसारख्या नाट्यगृहात आवाजाचा माणूस आणि यंत्रणा दोन्ही जागेवर असतात. क्लबहाऊस म्हणजे खाली टाईल्स, तीन बाजूंना काच, आणि गायकाच्या माईकसाठी मागवलेले दोन स्पीकर.

सॅडलखालचा पिएझो असेल तर डीआय बॉक्समधून (पिकअपचा आवाज मिक्सरला जुळवून देणारा डबा) मिक्सरला द्या. नखाचा कचकच आवाज कमी करायला अडीच ते तीन किलोहर्ट्झच्या आसपास ३-४ डीबी खाली घ्या. लो कट (खालचे सूर कापणारा फिल्टर) असतो तो लोक सवयीने ८० हर्ट्झला लावतात. तुमची सहावी डी ला आहे, म्हणजे ७३.४ हर्ट्झ. ८० ला लावला तर बासचा पायाच जाईल. ६० ला ठेवा. मिक्सरवर बदलता येत नसेल आणि ठरलेला ८० किंवा १०० चा असेल तर बटण बंदच ठेवा.

स्पीकरची गुरगुर (फीडबॅक) सुरू होईल ती बहुधा १०० हर्ट्झच्या आसपास, कारण ड्रेडनॉटच्या पोटातली हवा तिथेच डोलते. दुसरी २०० च्या जवळ, ती टॉपची. साऊंडहोलला रबरी झाकण लावा, अर्धा त्रास तिथेच संपतो. उरलेल्यासाठी प्रीअँपवर फेजचं बटण असेल तर उलटं करून पहा. स्पीकर तुमच्या पुढे, तोंड श्रोत्यांकडे. आणि झाकण लावल्यावर थापेचा आवाज बदलतो, म्हणून सरावही झाकण लावूनच करा.

पिकअप नसेल तर कंडेन्सर माईक बाराव्या फ्रेटसमोर २० ते ३० सेंमीवर, किंचित ब्रिजकडे वळवून. साऊंडहोलसमोर कधीच नाही, तिथे नुसतं घुमतं. पण माईकवर आवाज फार वर नेता येणार नाही, खुर्च्या जवळ मांडा. रिव्हर्ब शून्य ठेवा, काचा देतील तेवढा पुरे. श्रोते आल्यावर घुमणं कमी होतं, त्यामुळे रिकाम्या हॉलमधल्या साऊंड चेकवर बास फार कापून ठेवू नका.

---

मासुंदाकाठ (ठाणे)

शेवटचा प्रश्न. भूप झाल्यावर दुर्गासाठी तिसरी तार एफ शार्पवरून जी ला न्यायची. तेवढ्यात शांतता पसरेल, काय करावं? आणि स्टेजवर लाईट असतील तर ट्यूनिंग हलेल का?

---

सहावी_तार (वाशी)

भूप आधी, दुर्गा नंतर हा क्रम नशिबाने बरोबर आहे. तार चढवून लावली की टिकते, उतरवून लावली की नटमध्ये अडकलेला ढील पुढे दगा देतो. चढवताना उजव्या हाताने सहावी आणि पाचवी मोकळी वाजवत राहा, सा आणि प चालू राहिले की लोकांना तो आलाप वाटतो. जी लागला की नाही ते ट्यूनर न बघता कळतं: तिसरी सातव्या फ्रेटला दाबा, मोकळ्या पहिलीशी तंतोतंत जुळली पाहिजे. केरवाही डॅडगॅडमध्येच बसवा, म्हणजे पुन्हा खुंट्यांना हात नको.

लाईटने तारा तापतात, पसरतात आणि उतरतात. पहाटेच्या गार हवेत उलट, चढतात. सुरू करायच्या १५ मिनिटं आधी गिटार स्टेजवर उघडी ठेवा आणि मगच शेवटचं ट्यूनिंग करा.

---

पॉलिशपेपर (कळवा)

नव्या तारा चार दिवस आधी चढवा, आदल्या रात्री नाही. चढवताना तिसऱ्या तारेच्या नटमधल्या खाचेत २बी पेन्सिलचं टोक दोन-तीनदा फिरवा. खुंटी फिरवताना टिक् असा आवाज येऊन सूर एकदम उडी मारतो ना, तो त्या खाचेचा असतो. पेन्सिल लावूनही टिक् आला तर खाच अरुंद आहे. मग ०.०२४ च्या जुन्या तारेचा तुकडा तिच्यात पुढेमागे घासून ती जरा मोकळी करा, खोल मात्र करू नका.